उजवा काठ

गिरजाकाकूंना लोकांच्या कपड्यांना हात लावायची सवय होती. तिची लाज आम्हाला वाटायची, त्यांना कधीच वाटली नाही.

लग्नाच्या मांडवात नवरीला भेटायला गेल्या की त्यांचा एक हात आशीर्वादासाठी वर जायचा आणि दुसरा नवरीच्या शालूच्या काठाकडे. काठ अंगठा आणि तर्जनीत धरून चुरल्यासारखा फिरवायच्या, उलटा करून मागची बाजू पाहायच्या आणि अर्ध्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल द्यायच्या, "मशीनचा हाये." आयुष्यभर मागाच्या खडखडाटाशेजारी बसलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. नवरीच्या आईचा चेहरा उतरायचा आणि मांडवातली आमच्या गल्लीतली माणसं एकाएकी जेवणाच्या रांगेकडे वळायची.

एकदा माझ्या साहेबांच्या पत्नी आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या होत्या. काकू आमच्या दोन घरं पलीकडे राहायच्या, त्याही आल्या. बाईंनी बोलता बोलता सांगितलं, की साडी अस्सल हातमागाची आहे, मुद्दाम मागवली. काकू लगेच पुढे सरकल्या.

"काठ दाखव वं."

माझी बायको कल्पना डोळ्यांनी खुणा करत होती. काकूंचं लक्ष काठात.

"बाई, तुले फसवलं कोनीतरी."

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायलो. पुढे साहेब माझ्याशी नीट बोलतील की नाही, याचा विचार करत तिथेच उभा राहिलो. पण दोन-चार दिवसांनी त्याच बाई एकट्या, रिक्षाने, कापडी पिशवीत आणखी साड्या घेऊन आल्या. म्हणाल्या, "त्या आजींना दाखवायच्या होत्या. ह्यांना सांगू नका." काकूंनी दारातल्या उजेडात सगळ्या साड्या पाहिल्या. एक खरी निघाली. ती बाईंच्या आईची होती.

मी हिशेब तपासण्याच्या नोकरीत आहे. न मोजलेला आकडा लिहायचा नाही, ही सवय अंगात मुरली आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो, की गिरजाकाकूंनी किती साड्या विणल्या हे मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नव्हतं. ज्या कुठे मोजल्या गेल्या त्या सदाशिवकाकांच्या नावावर मोजल्या गेल्या. काका म्हणजे त्यांचे यजमान.

आमची गल्ली कोष्ट्यांची. बहुतेक घरं मूळची उमरेडकडची. घरोघरी माग होते, आता नाहीत. माझ्या वडिलांनी माग सोडून गिरणी धरली, मग गिरणी बंद पडली, मग मी कारकून झालो. आमच्या पुढच्या खोलीत मागासमोर पाय सोडून बसायचा खड्डा होता, तो बुजवून फरशी केली. त्या जागी आता फ्रीज आहे. फरशी तिथे किंचित दबलेली आहे, म्हणून फ्रीजच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालावी लागते. पाहुण्यांना तो पुठ्ठा दिसू नये म्हणून कल्पनाने तिथे झाडाची कुंडी ठेवली आहे. गल्लीत शेवटपर्यंत चालू राहिलेला माग एकच, काका-काकूंचा.

त्या मागावर करवतकाठी साडी निघायची. मधलं अंग तसर रेशमाचं, काठ वेगळ्या रंगाचा, आणि काठ जिथे अंगाला भिडतो तिथे करवतीसारखे दाते. ही साडी एका माणसाला विणता येत नाही. मागाला तीन धोटे असतात. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारी लाकडी होडी. एक धोटा मधल्या अंगाचा, एक डाव्या काठाचा, एक उजव्या काठाचा. मधला आणि डावा धोटा काका टाकायचे. उजव्या बाजूला, मागाला खेटून, बुटक्या पाटावर काकू बसायच्या. मधला धोटा आला की त्याच्या धाग्यात आपल्या काठाचा धागा अडकवायचा आणि आपला धोटा परत फिरवायचा. तेवढंच त्यांचं काम. ते झालं की त्या म्हणायच्या, "हं." त्या "हं"वर काका फणी ठोकून धागा घट्ट बसवायचे. हं, ठक. हं, ठक. आमच्या लहानपणी गल्लीचं घड्याळ ते होतं.

त्या दोघांची भांडणं मोठी असायची. काटोलला काकूंच्या माहेरी लग्न होतं आणि गांधीबागच्या कापडबाजारातल्या व्यापाऱ्याला साडीचा वायदा दिला म्हणून काकांनी जाऊ दिलं नाही, तेव्हा काकूंनी बोलणं टाकलं. जेवायचं ताट समोर आदळायच्या. निरोप असला तर भिंतीला सांगायच्या, "कोनाले च्या पाह्यजे असन तं उतू जाऊन राहिला." पण सकाळी माग सुरू झाला की "हं" मात्र व्हायचं. कडक, तुटक, दाराबाहेर उभं राहिलं तरी राग कळावा असं. ती साडी पूर्ण झाली तेव्हा काकांनी माझ्या वडिलांना दाखवली. म्हणाले, "पाहा भाऊ, भांडणात काठ किती घट्ट येते." आतून काकू म्हणाल्या, "रोज भांडत जा मंग." बोलणं पुन्हा तिथून सुरू झालं.

साडी घेऊन ती दोघं गांधीबागेत जायची. व्यापारी गादीवर बसलेला, काका समोर, काकू जरा मागे, पायरीजवळ. मी एकदा त्यांच्याबरोबर होतो. व्यापाऱ्याने साडी उलगडली आणि म्हणाला, "सदाशिवजी, तुमचा हात म्हणजे सोनं!"

मागून आवाज आला, "अन् दुसरा पितळेचा हाये का?"

व्यापारी हसला, काका हसले, मीही हसलो. काकू हसल्या नव्हत्या. त्या व्यापाऱ्याच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून पाहत होत्या.

हे सगळं मी का सांगतो आहे, ते पुढच्या गोष्टीसाठी.

शहरातल्या एका जुन्या सरकारी इमारतीत एक मोठं दालन तयार झालं. विषय होता देशाच्या इतिहासात कारागिरांचा वाटा. भिंतींवर मोठमोठ्या पाट्या लागल्या. विणकरांनी जगाला कपडा पुरवला, कुंभारांनी भांडी दिली, तांबटांनी घरं भरली. परक्या राजवटीत गिरण्यांच्या मालाने हाताचा धंदा बसवला. आणि स्वातंत्र्याच्या लढाईत हाताच्या कापडाने माणसं उभी केली. सगळं खरं आहे. फक्त एका पाटीवर "लाखो हात" असं लिहिलं होतं, तिथे मी सवयीने थांबलो. किती लाख, आणि कोणाचे, हे लिहिलेलं नव्हतं.

दालनाच्या उद्घाटनाला सदाशिवकाकांना बोलावणं आलं. मंचावर माग मांडणार, काका पाहुण्यांसमोर विणून दाखवणार, मग त्यांचा सत्कार. गल्लीने चौकात फ्लेक्स लावला, त्यावर काकांचा फोटो, फेटा बांधलेला. वर्गणी सगळ्यांनी दिली. काकूंचा फोटो का नाही, हे कोणीच कोणाला विचारलं नाही. काकूंनीही नाही. त्या फ्लेक्सखाली उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "फेटा कोनाचा घातला बाप्पा? रंग जाते त्याचा."

उद्घाटनाच्या सकाळी काकू आपला पाट घेऊन निघाल्या होत्या. बुटका, घासून गुळगुळीत झालेला तो पाट त्यांनी पिशवीत घातला होता. दालनात पोचल्यावर संयोजकांपैकी एक तरुण मुलगा, अगदी नम्र, काकांना म्हणाला, "काका, मंचावर विणकर एकच ठेवतोय. फोटोत माग मोकळा दिसायला हवा. आजी समोर बसतील, चांगली जागा राखून ठेवली आहे."

काकांनी काकूंकडे पाहिलं. मग त्या मुलाकडे. मग मान हलवली. होकाराची.

काकू पाटाची पिशवी मांडीवर घेऊन दुसऱ्या रांगेत बसल्या. मी आणि कल्पना त्यांच्या शेजारी. काका विणू लागले. मधला धोटा टाकायचा, डावा टाकायचा, मग अर्धवट उठून, मागावर आडवं होऊन उजव्या काठाचा धोटा ढकलायचा, परत बसायचं, ठोकायचं. सत्तरी ओलांडलेला माणूस. फेटा कपाळावर घसरत होता. धोटा जात होता, पण मधल्या धाग्यात काठाचा धागा अडकवायला तिथे हात नव्हता. मला यातलं काही कळलं नाही. मी कोष्ट्याचा मुलगा, पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांइतकाच कौतुकाने पाहत होतो.

काकूंचे ओठ हलत होते. हं. हं. मग ते थांबले.

"सुटला," त्या म्हणाल्या.

"काय सुटलं, काकू?"

"काठ."

त्यांच्या आवाजाला हळू माहीत नव्हतं. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. मी त्यांच्याकडे बघून ओशाळं हसलो, घरातलं म्हातारं माणूस काही बोललं की आपण हसतो तसं. तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. काका उभे राहिले, शाल मिळाली, फोटो झाला. काकू टाळ्या वाजवत नव्हत्या. पिशवीतल्या पाटावर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या.

त्या दिवसापासून त्यांचा माग बंद झाला. बोलणं बंद नव्हतं. ते नेहमीसारखंच चालू होतं, म्हणूनच ते जास्त वाईट होतं. चहा झाला, जेवण झालं, लाइटबिल आलं, सगळं बोलायच्या. फक्त सकाळी पाटावर बसायच्या नाहीत. काका मागाजवळ जाऊन बसायचे, धोटे पुसायचे, उठून यायचे.

मी एकदा संध्याकाळी गेलो तेव्हा काका म्हणाले, "विलास, तूच सांग गा इले. त्यायनं एकच जागा ठेवली होती. मी काय करत होतो?"

काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तोंड होतं ना? सांगाचं होतं, एकट्याच्यानं होत नाई म्हनून. येवढंच सांगाचं होतं."

"चार लोकांत..."

"चार लोकांत लाज वाटली. अन् आता?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. दुसऱ्याच्या घरातली लाज पाहणं फार अवघड असतं. चपला कुठे काढल्या होत्या तेही पटकन आठवत नाही.

प्रकरण इथेच मिटलं असतं. पण गल्लीतल्या एका मुलीने दालनात काढलेले फोटो काकूंना मोबाइलवर दाखवले. मंचावर विणलेला तो तुकडा त्यांनी कायमचा टांगला होता. दालनाच्या मधोमध, छतावरून बारीक दोऱ्यांनी सोडलेला, दोन्ही बाजूंनी पाहता यावा म्हणून. काकूंनी त्या मुलीकडून फोटो मोठा करायला शिकून घेतलं आणि दोन बोटांनी तो इतका मोठा केला की पडद्यावर फक्त उजवा काठ उरला. अंग आणि काठ यांच्यामध्ये एक उभी फट होती. करवतीचे दाते एकमेकांत बसलेले नव्हते, ओठ उघडे राहावेत तसे राहिले होते. तुकड्याच्या खाली पाटी होती. मुलीने वाचून दाखवली. ही छोटीशी फट म्हणजे यंत्राला न जमणारी, मानवी हाताची सही आहे, अशा अर्थाचं काहीतरी.

काकूंनी ते दोनदा वाचायला लावलं. मग माझ्याकडे आल्या.

"विलास, चाल माह्यासंगं. ते कापड उतरवाले सांगाचं हाये."

"काकू, कोण ऐकणार?"

"फाटकं कापड हाये ते. माह्या घरचं फाटकं कापड गावाच्या मधात लटकवलं, अन् खाली लिहून ठेवलं का आमी असेच विनतो. तुह्या घरची फाटकी बनियन कोनी चौकात टांगली तं तू म्हनशीन का, कोन ऐकन म्हनून?"

मी रजा टाकली. काका आले नाहीत. दालनाच्या अधिकारी बाई पस्तिशीच्या असतील, अभ्यासू, बोलायला गोड. आम्हाला बसवलं, चहा मागवला. आपण कोण, असं विचारल्यावर मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "मी उजव्या काठाची."

बाईंना काही कळलं नाही. मी सांगितलं, की ज्यांनी तो तुकडा विणला त्यांच्या या पत्नी, आणि साडीचा उजवा काठ नेहमी याच विणतात. बाई मनापासून म्हणाल्या, "अरे वा! म्हणजे तुमची त्यांना खूपच मदत होत असेल."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या काचेखाली ठेवलेल्या सुट्ट्यांच्या तक्त्याकडे पाहत राहिलो.

काकूंनी सरळ मागणं मांडलं. "ते उतरवा. आमी दोघं मिळून चांगलं विनून देतो. पैसे नका देऊ."

"आजी, अहो तोच तर इतिहास आहे. एवढ्या पाहुण्यांसमोर विणलेला. आणि ती फट लोकांना फार आवडते. हाताच्या कामात थोडी चूक राहणारच, त्यातच सौंदर्य असतं."

"तुमच्या साहेबाच्या शर्टाचं बटन तुटलं तं त्याले सौंदर्य म्हनता का?"

बाई हसल्या. राग आला नाही त्यांना, हेच वाईट होतं. त्यांना काकू गोड वाटल्या. त्यांनी काकूंबरोबर फोटो काढून घेतला. नोंद झालेली वस्तू काढता येत नाही, पाटीचं मात्र पाहू, असं म्हणाल्या. निघताना काकूंनी त्यांच्या कुर्त्याची बाही चिमटीत धरली, फिरवली, सोडली. काकूंनी कापड पाहिलं आणि निकाल दिला नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

जिन्यावर मला म्हणाल्या, "तिची काई चूक नाई. तिले ज्यानं सांगाचं तो सांगून नाई राहिला."

पुढे काही दिवसांनी त्यांनी स्वतःच ठरवलं. उतरवत नाहीत ना, मग मी ती फट शिवून टाकते. तसरचा धागा, बारीक सुई, सगळं कमरेच्या बटव्यात घेतलं. मी रिक्षा थांबवली. काकू बसल्या, मी बसलो, आणि रिक्षा निघणार तेवढ्यात सदाशिवकाका घरातून बाहेर आले. फेटा नव्हता, शाल नव्हती, रोजचीच टोपी. कोणी बोलावलं नव्हतं. येऊन काकूंच्या शेजारी बसले. काकू थोड्या सरकल्या.

दालनात मेश्राम नावाचे पहारेकरी होते. जरीपटका भागात राहणारे. मागच्या खेपेला काकूंनी त्यांच्या गणवेशाचा काठ पाहिला होता, त्यामुळे ओळख होती. काकूंनी त्यांना सुई दाखवली. लपवाछपवी त्यांना जमायची नाही.

"आजी, हात लावू देऊ शकत नाई मी," मेश्राम कळवळून म्हणाले. "पाटी पाहा, लिहून हाये. माही नोकरी जाईन. माही आजीबी जाडंभरडं विनत होती हो, मले समजते. पन नाई."

तेवढ्यात दालनात कलकलाट झाला. काटोलहून बचत गटाच्या बाया आल्या होत्या, बस करून, शहर पाहायला. संत्र्यांच्या पिशव्या दारात ठेवून त्या आत शिरल्या. पाट्या वाचायच्या भानगडीत न पडता सरळ मधल्या कापडाकडे. त्यातल्या एकीने भिंतीवरचा काकांचा फोटो पाहिला, मग काकांना पाहिलं.

"अवं, हेच ते! भाऊ, हे कापड तुमीच विनलं का?"

काका म्हणाले, "हो."

"येवढं बारीक? एकट्यानं?"

हा प्रश्न काकांना आयुष्यात किती वेळा विचारला गेला असेल, हेही मी मोजलेलं नाही. पण उत्तर मला माहीत होतं. ते मान हलवायचे आणि हसायचे. व्यापाऱ्यासमोर तसंच, मंचावर तसंच, फ्लेक्सवर तसंच. काकू कापडाच्या समोर, त्याच्याभोवती आडव्या बांधलेल्या दोरीला खेटून उभ्या होत्या. वळल्या नाहीत. त्यांची पाठ मात्र ऐकत होती.

काकांनी टोपी काढली. उगाच, घाम पुसायला काढावी तशी. परत घातली नाही.

"एकट्यानं विनलं म्हनून तं खराब झालं," ते म्हणाले. "हे फाटलेलं हाये, बाई. इथं पाहा. हे दोघांचं काम हाये. माह्यानं एकट्यानं होत नाई. कधीच नाई झालं."

आपल्याला काहीतरी नको ते कळलं, असं बायांच्या चेहऱ्यांवर होतं. कोणी पदर सावरला, कोणी दाराकडे पाहिलं. अधिकारी बाई खोलीतून बाहेर आल्या होत्या. त्यांनी ऐकलं, आणि पहिल्यांदा त्यांना हसू आलं नाही. काका टोपी हातात धरून उभे होते, मान खाली, शाळेत उभं केलेल्या पोरासारखे. मला वाटलं, आता कोणीतरी "जाऊ द्या काका" म्हणावं. मीही म्हणालो नाही. ते जाऊ द्यायचं नव्हतंच.

मग त्यातलीच एक म्हातारी बाई म्हणाली, "दुसरं कोन हाये मंग?"

पुढचं थोडक्यात सांगतो आणि परत इथे येतो. पाटी बदलायला वेळ लागला, पण बदलली. आता फटीचं कौतुक त्यावर नाही आणि नावं दोन आहेत. काकूंचं दुसरं आहे. आमच्या गल्लीत माग पुन्हा सुरू झाला. हं, ठक. त्या दोघांनी आणखी एक साडी विणली. ती गांधीबागेत गेली नाही, त्यांच्या कपाटातच राहिली, आणि त्या हिवाळ्यात गिरजाकाकू गेल्या तेव्हा तीच त्यांच्या अंगावर घातली. मी तिरडीजवळ बसलो होतो. माझा हात नकळत काठाकडे गेला. मी तो चिमटीत धरून पाहिला, लोकांसमोर. घट्ट होता. काका आता मागावर बसत नाहीत. धोटे पुसतात. दालनात जाऊन त्या तुकड्याजवळ उभे राहतात, कोणी विचारलं की फट दाखवतात. मेश्राम त्यांना खुर्ची देतात, ते बसत नाहीत.

पण काकूंची आठवण निघाली की मला तिरडी दिसत नाही. तो दिवस दिसतो.

दुसरं कोण, असं त्या म्हातारीने विचारलं तेव्हा काकू वळल्या. बटव्यातून सुई काढलेली होती, धागा ओवलेला होता. मेश्राम एकाएकी छताच्या पंख्याकडे पाहू लागले, पंखा बंद होता तरी. काकूंनी दोरी ओलांडली. फटीशी सुई नेली. थांबल्या. काठ चिमटीत धरला, फिरवला, उलटा करून पाहिला. मग सुई परत बटव्यात ठेवली.

"काहून वं, शिवत नाई का?" काकांनी विचारलं.

"राहू दे. खरं हाये ते."

बाया पुढे दाटल्या म्हणून मी कापडाच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो, त्यामुळे आता मला काकू दिसत नव्हत्या. फक्त त्यांचा आवाज ऐकू आला, नेहमीसारखाच मोठा, सगळ्या दालनभर.

"मी इथं बसते," त्या म्हणाल्या.

आणि अंग आणि काठ यांच्यामधल्या त्या उभ्या फटीतून एक बोट माझ्या बाजूला बाहेर आलं. रंगाने नख काळवंडलेलं, धागा ओढून ओढून टोकाला चीर पडलेलं. ते हललं.